तेवीस किलो आणि एक वाकळ

सामानाच्या यादीवरून मगदुमांच्या घरात नऊ दिवस भांडण चाललं होतं, आणि भांडणाऱ्या तिघांपैकी एकानंही आजवर विमानात पाय ठेवला नव्हता.

साल होतं दोन हजार त्रेचाळीस. सांगलीजवळच्या त्या गावात पिकाला पाणी मोबाइलवरून सुटत होतं, ऊस तोडायला यंत्रं येत होती, पण लेकीच्या बाळंतपणाला आईनं जायचं ही रीत काही कुठल्या यंत्रानं बदलली नव्हती. मालनबाईंची समृद्धी, म्हणजे घरातली समू, नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला होती. पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. मालनबाई निघाल्या होत्या, आणि त्यांच्या बॅगेवर नवरा बापूसाहेब आणि थोरल्या जाऊबाई ताराक्का यांचा पहारा बसला होता.

बापूसाहेबांनी विमान कंपनीची यादी मोठ्या अक्षरांत छापून कपाटाला चिकटवली होती आणि ते येता-जाता ती वाचून दाखवत. "हातातल्या बॅगेत सात किलो. विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेत तेवीस. बॅटरी, पॉवर बँक हातात. सुरी, कात्री, दाभण पोटात. रुजणारी वस्तू कुठंच चालणार नाही."

"अळीव रुजत्यात का?" ताराक्कांनी विचारलं.

"रुजतात की."

"मग लाडूच करूया. लाडवातनं काय झाड उगवतंय व्हय?"

तर असे अळिवाचे लाडू झाले, डिंकाचे झाले. बाळंतशेप भाजून घेतली, वेखंड आणि मेतकूट डब्यांत भरलं. साजूक तुपाचा डबा हातातल्या बॅगेत गेला. पूर्वी म्हणे हातात शंभर मिलीच्या वर पाणीसुद्धा नेऊ देत नसत. आता तूप न्या, लोणचं न्या, काकवी न्या, कुणी विचारत नाही. कारण आता तपासायला माणसाचे डोळे नव्हते, गंधवेध नावाचं यंत्र होतं, आणि त्याला झाकण न उघडता कळायचं की आत तूप आहे की दुसरं काही.

सगळ्यात शेवटी वाकळ आली.

"दीड किलो!" बापूसाहेब ओरडले. "तिथं हीटर असतात, गरम दुलया असतात. त्यापेक्षा लाडू न्या."

"वाकळ जाणार," दोघी जावा एकदमच म्हणाल्या, आणि विषय संपला.

मगदुमांकडे वाकळीची, म्हणजे गोधडीची, एक पद्धत होती. जुनी मऊ लुगडी, धोतरं आधी उकळून कडक उन्हात वाळवायची. मग दोघींनी दोन काठांपासून टाके घालत यायचं आणि मध्ये भेटायचं. पण एकदा शिवून झाली की बाळाला तिच्यात गुंडाळेपर्यंत तिला पाणी लावायचं नाही, शिवणारीच्या हातची ऊब धुऊन जाते म्हणून. समूनं फोनवर दहा वेळा बजावलं होतं, "आई, जंतुनाशकात धुऊनच आण हं." मालनबाईंनी दहाही वेळा "व्हय गं बाई" म्हटलं होतं आणि एकदाही धुतली नव्हती.

दोन महिने दोघी दुपारच्या वाकळ मांडीवर घेऊन बसत. ताराक्कांचा टाका गावात नावाजलेला, तांदळाच्या दाण्याएवढा, एकासारखा एक. या खेपेला मात्र मधे येता येता तो बारीक होत गेला, जरा वाकडाही झाला. मालनबाईंनी चेष्टा केली होती, "अक्का, दोरा वाचवताय का डोळं गेलं?" ताराक्का हसल्या होत्या. "डोळंच म्हण."

खरं म्हणजे त्या दोन महिन्यांत दोघींनी एक गोष्ट बोलायची टाळली होती. लांबच्या विमानप्रवासाला आता कोटा होता. धुरानं हवा तापते म्हणून जगभर ठरलं होतं, एका घराला पाच वर्षांत एक फेरी, एक माणूस. कोण जाणार? समूची आई मालनबाई खरी. पण समू झाली तेव्हा मालनबाई विषमज्वरानं तीन महिने अंथरुणाला खिळल्या होत्या, आणि पुढं त्यांची शाळेतली नोकरी. पोरीला पायावर घेऊन न्हाऊ घातलं, रात्ररात्र खांद्यावर फिरवलं, ते विधवा आणि निपुत्रिक ताराक्कांनी. समू त्यांना मोठ्याई म्हणायची. कोट्याचा कागद आला त्या दिवशी ताराक्का एवढंच म्हणाल्या, "आई ती आई. तू जा." आणि म्हशीला वैरण घालायला निघून गेल्या. वैरण त्या आधीच घालून आल्या होत्या, हे मालनबाईंना माहीत होतं. त्यांनी ताराक्कांना थांबवलं नाही. त्यांनाही जायचं होतं ना!

श्रावणात मालनबाईंचं ब्लडप्रेशर चढलं, तेव्हा बापूसाहेबांनी खबरदारी म्हणून तिकिटावर बदली प्रवासी म्हणून ताराक्कांचं नाव घातलं. पासपोर्ट, व्हिसा दोघींचे काढले. विमान सुटायच्या दीड तास आधीपर्यंत नाव बदलता येत होतं. प्रेशर उतरलं, आणि ती गोष्ट सगळेच विसरून गेले.

जायच्या दिवशी रीतीप्रमाणे सगळे विमानतळावर आले. ताराक्कांनी भाकरी आणि पिठल्याचं गाठोडं घेतलं होतं. विमान सुटल्याशिवाय हलायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं. दारात त्यांनी मालनबाईंच्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "पोरीला म्हणावं, घाबरू नगंस," एवढं बोलून त्या पाठमोऱ्या झाल्या.

आत बॅग पट्ट्यावरून यंत्रात गेली, आणि बाहेर येण्याऐवजी बाजूच्या खोलीत वळली. मालनबाईंना अळीव आठवले. अळिवाचा एखादा दाणा राहिला की काय भाजायचा?

खोलीत एक तरुण अधिकारी बसली होती. छातीवर नाव होतं, फरीन मुजावर. तिनं पुस्तकी मराठीत सुरुवात केली, "आपण बसून घ्या. आपल्या सामानात प्रतिबंधित असं काही नाही."

"मग बॅग का अडवलीस पोरी? माझी लेक बाळंत व्हायची हाय."

ती बोली ऐकून फरीनचा चेहराच बदलला. "कुठल्या तुम्ही काकू? सांगलीकडच्या? मी मिरजेची." ती खुर्ची ओढून जवळ आली. "घाबरू नका. आधी सगळं नीट सांगते, मग तुम्ही ठरवा."

मग तिनं सांगितलं. जगातली प्रत्येक वस्तू हवेत आपले सूक्ष्म कण सोडत असते, आपण त्याला वास म्हणतो. गंधवेध बॅगेतली हवा ओढून घेतं, त्या कणांना विजेचा भार देतं आणि एका लांब नळीतून त्यांची शर्यत लावतं. हलके कण आधी पोचतात, जड नंतर. कोण किती वेळात पोचलं, त्यावरून यंत्र ओळखतं की हे तूप, हे वेखंड, ही बंदुकीची दारू. शास्त्रज्ञांनी स्फोटकं हुडकायला म्हणून त्याला दोन लाख वास शिकवले. पण बॅगेत कपडेही असतात, आणि कपड्यांना माणसाच्या कातडीचं तेल लागलेलं असतं. काही आजारांत त्या तेलाचा वास बदलतो, तोही आजार दिसायला लागायच्या कितीतरी वर्षं आधी. यंत्राला तेही कळायला लागलं. कुणी ते मागितलं नव्हतं.

"म्हणून मग कायदा झाला," फरीन म्हणाली. "ज्याचा गंध, त्याचीच माहिती. आम्ही ती कुठं लिहून ठेवत नाही, कंपनीला देत नाही. फक्त त्या माणसाला विचारतो, तुम्हाला ऐकायचंय का? नको म्हणालात तर बॅग घ्या आणि खुशाल जा. तुमचं विमान चुकणार नाही."

मालनबाईंनी पदर खांद्यावरून ओढून घेतला. "म्हणजे मला काहीतरी झालंय."

"ऐकायचंय?"

"आता अर्धं सांगितल्यावर कोण नको म्हणंल गं? सांग."

"कंपवाताची खूण आहे, काकू. अगदी सुरुवातीची. हात आखडतात, हालचाल मंद होते, पुढं थरथर येते. औषधं आहेत. वेग पुष्कळ कमी होतो. पण झालेलं मागं फिरत नाही."

"किती वर्षांनी?"

"चार, पाच. माणसागणिक वेगळं."

मालनबाईंनी आपले दोन्ही हात मांडीवर ठेवून पाहिले. स्वस्थ होते बिचारे. पहिला विचार आला तो समूचा, दुसरा पुढच्या फेरीचा. पाच वर्षांनी बाळ धावत येईल आणि आपल्याला उचलता येणार नाही! त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या सरळ रडल्या. फरीननं पाण्याचा पेला पुढं केला.

"खात्री करून घेऊ," थोड्या वेळानं ती म्हणाली. "मानेवरनं कापूस फिरवते, दोन मिनिटांचं काम."

कापूस फिरला, छोट्या यंत्रात गेला. फरीननं पडदा पाहिला, पुन्हा पाहिला. दुसरा कापूस घेतला. मग ती गोंधळून म्हणाली, "काकू, तुम्हाला काही नाही. तुम्ही ठणठणीत आहात. यंत्र असं चुकत नाही. बॅगेतले कपडे तुमचेच ना?"

"माझंच की. नवं आणि धुतलेलं."

फरीननं बॅग उघडली आणि हातात धरायचा लहान गंधवेध एकेका वस्तूवरून फिरवला. साड्यांवर गप्प, लाडवांवर गप्प. वाकळीवर आला आणि बारीक वाजायला लागला.

"ही धुतलेली नाही?"

"बाळाची वाकळ हाय. धूत न्हाईत आमच्यात."

यंत्र बनवणाऱ्यांनी सगळा हिशेब केला होता, पण न धुतलेलं कापड बॅगेत असेल तर ते बॅगवाल्याच्याच अंगाचं, असं त्यांनी गृहीत धरलं होतं. दुसऱ्याच्या हातची ऊब जपून सातासमुद्रापार नेणारी माणसं त्यांच्या हिशेबात नव्हती.

फरीन यंत्र वाकळीवरून सरकवत गेली. एका बाजूला आवाज नव्हता. मध्याच्या पलीकडं तो सुरू झाला. मालनबाई बघत होत्या. त्या बाजूचे टाके काठाला तांदळाएवढे होते, मग राळ्याच्या दाण्याएवढे झाले, आणि मध्याशी येता येता इतके बारीक आणि दाटीचे की बोटाला नुसता खरखरीतपणा लागत होता.

"अगं बाई," त्या म्हणाल्या. "हे तर अक्कांचं."

फरीननं घाईनं हात वर केला. "काकू, नाव नका सांगू. दुसऱ्या माणसाची माहिती मी तुम्हाला देऊच शकत नाही. मी काही बोलले नाही."

"तू कुठं बोललीस? मला टाका दिसतोय ना!" त्यांनी वाकळीवरून हात फिरवला. "मी चेष्टा केली गं तिची. डोळं गेलं का म्हणाले."

फरीननं वाकळ घडी करायला घेतली. "एवढंच सांगते, ते पुस्तकातच आहे. या आजारात माणसाचं अक्षर बारीक होत जातं. टाक्याचं कुणी लिहून ठेवलेलं नाही." मग ती हळूच म्हणाली, "बॅग बंद करू? दोन तास आहेत विमानाला."

मालनबाई बसून राहिल्या. जावं. तिथून फोन करावा, औषधं सुरू करायला लावावीत. कुणी नाव ठेवणार नव्हतं. लेक आपली, हक्क आपला, तिकीट आपलं. पण पुढची फेरी पाच वर्षांनी. तेव्हा आपले हात असतील. अक्कांचे? ज्या हातांनी समूला वाढवलं, त्यांना समूचं मूल घेता येईल ते आत्ताच, याच फेरीला. मालनबाईंच्या मनात आलं की हे कळलंच नसतं तर किती बरं झालं असतं, आणि या विचाराची त्यांना तिथल्या तिथं लाज वाटली.

"पोरी," त्या उठत म्हणाल्या, "मला बाहेर जाता येईल का? दहा मिनिटं. माणूस बदलायचंय."

बाहेर कठड्यावर ताराक्का भाकरी मोडून बापूसाहेबांच्या हातात देत होत्या. मालनबाईंना पाहून त्या दचकल्या. "काय गं, काय इसरलीस?"

"अक्का, तुमचा टाका बारीक का झाला?"

"हे इचारायला आलीस व्हय? सांगितलं न्हवं, डोळं—"

"डोळं न्हाई. माझ्या गळ्याची आण हाय, खरं सांगा."

ताराक्कांनी भाकरी खाली ठेवली. "हात ऐकत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "दिवाळीपासनं. सुई पुढं न्यावी म्हटलं तर जागच्या जागी घुटमळती. चोळीचं बटण लावायला येळ लागतोय."

"मग बोलला का न्हाईसा?"

"बोलले असते तर तू मला दवाखान्यात घालून बसली असतीस. मग पोरीकडं कोण गेलं असतं?"

मालनबाई त्यांच्या शेजारी बसल्या आणि आत जे घडलं ते सगळं सांगितलं. यंत्राचं, वाकळीचं, आजाराचं नाव, औषधं. काही लपवलं नाही. ताराक्का ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "बरं. कळलं ते बरं झालं. आता जा तू, विमान जाईल."

"मी न्हाई जायची. तुम्ही जाताय. तिकिटावर नाव हाय तुमचं. पासपोर्ट ह्यांच्या पिशवीत हाय."

"येडी का खुळी तू!" ताराक्का तडकल्या. "लेक तुझी. आईला सोडून चुलतीला बघून काय वाटंल तिला?"

"लेक माझी हाय, पण तिला आई तुम्ही झालाय. अक्का, मला बाळाला न्हाऊसुद्धा घालता येत न्हाई. मी शिकलेच न्हाई, तुम्ही होता म्हणून." मालनबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "पाच वर्षांनी मी जाईन. माझं हात असतील. तुमचं नसतील. तोंडावर बोलते, रागवा. पण आत्ता न्हाई गेला तर कधी न्हाई."

ताराक्कांनी पदराचा बोळा तोंडाला लावला. लग्न होऊन या घरात आल्यापासून आजवर त्यांना कुणी असं रडताना पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा. बापूसाहेब भाकरीचा तुकडा तसाच हातात धरून उभे होते. "अगं पण समूला काय सांगायचं?" ते पुटपुटले.

"मी भ्याले म्हणून सांगा. आयत्या वेळी विमानाला भ्याले."

"खरं काय ते मग मी सांगीन," ताराक्का म्हणाल्या. "माझ्या तोंडानं, माझ्या येळंला."

"तुमचं तुम्ही बघा. माझ्या तोंडातनं शब्द जाणार न्हाई."

नाव बदलायची मुदत संपायला अठरा मिनिटं होती. फरीननं स्वतः ताराक्कांचा हात धरून रांग चुकवून नेलं. काचेपलीकडं त्या एकदा वळल्या, काहीतरी ओरडल्या, ते ऐकू आलं नाही.

समूला मुलगी झाली. फोनच्या पडद्यावर ती मोठ्याईच्या गळ्यात पडलेली दिसायची आणि आईशी तुटक बोलायची. "माझ्यापेक्षा तुझी भीती मोठी झाली का गं आई?" तिनं एकदा विचारलं. मालनबाईंनी "व्हय बाई, चुकलं माझं," म्हटलं आणि फोन ठेवून ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या. गल्लीतल्या बायका तर आकाशात घार दिसली तरी "मालनकाकू, आत व्हा" म्हणायच्या. त्या हसून घ्यायच्या. ताराक्कांच्या गोळ्या तिकडच्या डॉक्टरांकडून सुरू झाल्या होत्या. जावईबापूंना ताराक्कांनी आजाराचं तेवढं सांगून, समू उठती-बसती होईपर्यंत गप्प राहायची शपथ घातली होती.

बाराव्या दिवशी दुपारी फोन आला. पडद्यावर ताराक्का पाय पसरून बसल्या होत्या आणि पायांवर बाळ होतं, तेलानं चकचकीत. त्यांचा उजवा हात सावकाश चालत होता, मध्येच थबकत होता, पण बाळ डोळे मिटून सुखात पडलं होतं.

"बघ आई," समू मागून म्हणाली, "तुला विमानाची भीती नसती तर हे तू केलं असतंस."

"ती भ्याली न्हाई गं समू," ताराक्का म्हणाल्या. हात न थांबवता त्यांनी सगळं सांगितलं. सुईचं, वाकळीचं, मिरजेच्या पोरीचं, कठड्यावरच्या भांडणाचं. "माझा हात चालतोय तवर मला धाडली तिनं. सोताची पाळी दिली मला."

समू पुढं आली आणि ताराक्कांच्या शेजारी खाली बसली. "आई," एवढंच ती म्हणाली. इकडं मालनबाईंनाही दिसेनासं झालं होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"रडाय काय, मागनं बी येतंय," ताराक्का म्हणाल्या. त्यांनी बाळाला दोन्ही हातांत तोलून उचललं, सावकाश, मानेखाली बोटं नीट घालून, आणि पडद्यासमोर धरलं. "मालन, नीट बघून घे. पाच वर्षांनी हिला तू उचलायचीस. आत्ता मी घेते."

आणि त्यांनी बाळ छातीशी धरलं.